गुप्त संघटनेच्या नावात शौर्य आणि धर्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरी अद्भुताच्या जगातली. एका किल्ल्याच्या पोटात तीनशे वर्षांपासून एका देवतेला निजवून ठेवलं आहे आणि तिला कुणी जागं करू नये म्हणून एक गुप्त संघटना पिढ्यान्पिढ्या पहारा देते आहे. नायिका याच संघटनेत वाढलेली. पुढे तिला शंका येते की देवता दुष्ट नाहीच. लेखकाने संघटनेचं नाव ठेवलं आहे 'रुधिरचंद्राचा पवित्र वीरसंघ'. खर्डा वाचणाऱ्यांपैकी काहींना ते भारदस्त वाटलं, काहींना डब केलेल्या सिनेमातलं. अशा नावांना शूरवीरांचा आणि धर्माचा रंग का असतो, तो ठेवावा का, आणि ठेवला तर मराठीत तो उसना वाटू नये म्हणून काय करावं, असं लेखकाने विचारलं आहे. हे उत्तर त्यांनाच.

अद्भुत कादंबऱ्यांचं संपादन हे माझं रोजचं काम. हस्तलिखितात गुप्त संघटना आली की मी तिचं नाव वहीत उतरवून घेते आणि त्याखाली लिहिते: या नावापायी लेखक वाचकाचं काय काय देणं लागतो? 'वीर' म्हटलं की कुणाशी तरी इमान आलं, बिरुद आलं, मानापमान आला. 'पवित्र' म्हटलं की व्रत आलं, पाप आलं, प्रायश्चित्त आलं. 'संघ' म्हटलं की प्रवेशाचे नियम आले आणि हाकलून देण्याचेही आले. तुमच्या नावाने ही सगळी उधारी पहिल्याच प्रकरणात करून ठेवली आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या प्रकरणांत त्यातलं काहीच फेडलेलं दिसत नाही. वाचकाला जे खोटं वाटतं ते हे. भपका वाचक आनंदाने चालवून घेतो. तेव्हा रंग ठेवा, पण नाव जे कबूल करतं ते कथेत चुकतं करा, आणि फेडणं होणार नसेल तो शब्द नावातून काढा.

हे दोन रंग एकत्र आले कुठून, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इसवी सन ११२०च्या सुमारास जेरुसलेममध्ये ऊग द पायाँ या फ्रेंच सरदाराने काही साथीदारांसह यात्रेकरूंच्या रक्षणाचा विडा उचलला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही मठातल्या साधूंची व्रतं या लढवय्यांनी घेतली. राहायला जागा मिळाली ती सॉलोमनचं मंदिर जिथे होतं असं ते मानत त्या टेकडीवर. त्यांचं पूर्ण नाव 'ख्रिस्ताचे आणि सॉलोमनच्या मंदिराचे गरीब सहसैनिक'. ११२९ साली त्रुआच्या धर्मसभेत त्यांना मान्यता मिळाली आणि लेखी नियमावलीही. तोवर त्या जगात जपतप करणारा वेगळा आणि तलवार चालवणारा वेगळा असे. रक्त सांडणं हे साधूला वर्ज्य होतं. ती दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली, आणि ती जोडी कल्पित साहित्यातून आजवर हललेली नाही.

लोकांच्या तोंडी ते लांबलचक नाव झिजून 'टेम्पलर' एवढंच उरलं. शब्दशः घेतलं तर 'मंदिरवाले'. नावातली गरिबी गळाली आणि जागा टिकली. प्रत्यक्षातही तसंच झालं: जमिनी, गढ्या आणि पैशाची देवघेव यांमुळे ही संघटना अतिशय श्रीमंत झाली, आणि शिक्क्यावर मात्र एका घोड्यावर दोन स्वार कोरलेले राहिले. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने त्यांची धरपकड केली आणि १३१२ साली पोपने संघटना बरखास्त केली. त्यांच्यावरच्या पाखंडाच्या आरोपांना जोर आला तो बंद दाराआडच्या सभांमुळे. आत काय चालतं हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे आत काहीही चालतं असं म्हणता आलं. आपण अद्भुतकथेत ज्याला गुप्त पंथ म्हणतो त्याची तिन्ही अंगं इथे आहेत: व्रत, तलवार आणि बंद दार. यांतलं एकही कल्पनेने जोडलेलं नाही.

त्या बंद दाराआड काय होत असे ते नियमावलीतून कळतं, आणि लेखकाने ते पाहण्याजोगं आहे. नव्या माणसाला आत घेताना त्याला साफ सांगितलं जाई की तुला आमचे उमदे घोडे आणि चांगले कपडे दिसतात, पण ते वरवरचं साल आहे. आतले कडक नियम तुला ठाऊक नाहीत. झोपावंसं वाटेल तेव्हा तुला जागं राहावं लागेल, खावंसं वाटेल तेव्हा उपाशी. समुद्राच्या या काठी राहावंसं वाटेल तेव्हा तुला त्या काठी धाडतील. हे चालेल का? शिकारीला बंदी होती, अपवाद फक्त सिंहाचा. टोकदार जोडे आणि बुटांच्या नाड्याही वर्ज्य. नाव कितीही भव्य असो, माणूस रोज जगतो ते असल्या बारीक नियमांत. तुमच्या वीरसंघात काय वर्ज्य आहे? मला खर्ड्यात एकही गोष्ट सापडली नाही. एक सापडली असती तर 'पवित्र' शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

आता खरी पेचाची जागा. शौर्य ही दाखवायची गोष्ट आहे. ढालीवरचं चिन्ह, झेंड्याचा रंग, भाटाने केलेला पुकारा, हे सगळं ओळख पटावी म्हणून असतं. वीर स्वतःचं नाव सांगून वार करतो. गुप्त संघटनेला नेमकी ओळखच नको असते. म्हणजे 'गुप्त वीरसंघ' हे नाव स्वतःशीच भांडतं. ते भांडण कथेत आणलंत तर सोनं होईल: मानासाठी हपापलेला तरुण पहारेकरी, ज्याच्या पराक्रमाचं नाव कधीच कुणी घेणार नाही. ते आणलं नाहीत तर शब्द पोकळ राहतो. धार्मिक रंगाची अडचण निराळी. एकांत, मौन, अज्ञातवास यांना धर्मात मान आहे, त्यामुळे गुप्ततेशी त्याचं पटतं. पण वेशाने तो उघडा पडतो. १६१४ साली जर्मनीतल्या कासेल शहरात 'गुलाब आणि क्रूस' या बंधुमंडळाची जाहीर पुस्तिका निघाली. तिच्यात सांगितलेल्या सहा नियमांतला एक असा की सभासदाने कोणताही खास पोशाख घालू नये, ज्या देशात असेल तिथल्या लोकांसारखं राहावं. आणखी एक नियम: रोग्यांना फुकट बरं करायचं. दर वर्षी ठरल्या दिवशी भेटायचं, मरण्याआधी आपल्या जागी योग्य माणूस नेमायचा, आणि मंडळ शंभर वर्षं गुप्त ठेवायचं. धर्माचा गाभा ठेवून वेश टाकून देण्याचा हा मार्ग मला फार आवडतो. गंमत म्हणजे पुस्तिका निघाली तेव्हा असं मंडळ अस्तित्वात होतं असं बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. नाव आधी आलं, आणि त्या नावाच्या संघटना लोकांनी पुढे उभ्या केल्या. अद्भुत कादंबरीसाठी याहून चांगलं बीज क्वचित मिळेल.

शपथ आणि व्रत यांतही फरक करा. शूरवीराची शपथ कुणा व्यक्तीशी असते, राजाशी, धन्याशी, साथीदाराशी. ती मोडली की ती बेइमानी. व्रत देवाशी किंवा नियमाशी असतं. ते मोडलं की ते पाप, आणि पापाला प्रायश्चित्त असतं. याहून मोठी गोष्ट म्हणजे व्रताच्या पोटात शंका असते: ज्याच्यासाठी हे धरलं ते खरं आहे का? म्हणून क्षात्र नाव इमान-बेइमानीच्या कथेला शोभतं आणि धार्मिक नाव श्रद्धा, शंका, फूट यांच्या कथेला. तुमच्या नायिकेला देवतेविषयीच शंका येते. तुमची कादंबरी धार्मिक रंगाची आहे. क्षात्र रंग हवा, पण पाठीमागे. आज नावात तो पुढे आहे.

धर्म मानत नाही असं म्हणणारी संघटनाही धर्माचा सांगाडा घेऊन उभी राहते, हे विसरू नका. आडाम वाइसहाउप्ट हा इंगोलश्टाट विद्यापीठातला चर्चच्या कायद्याचा प्राध्यापक. जेझुइट या कॅथलिक साधूंकडे शिकलेला आणि पुढे त्यांचा कडवा विरोधक झालेला. १ मे १७७६ रोजी त्याने विवेकवादी गुप्त मंडळ काढलं. आधीचं नाव होतं 'परफेक्टिबिलिस्ट', म्हणजे माणूस पूर्णत्वाला जाऊ शकतो असं मानणारे. हे नाव जिभेवर बसेना, मग आलं 'इलुमिनाटी', प्रकाश मिळालेले. धर्माला विरोध करणाऱ्याने शब्द घेतला तो धर्मातलाच. आतली रचनाही तशीच. नवखा, मग मिनर्व्हल, अशा पायऱ्या. नवख्याने दर महिन्याला वरिष्ठांना मोहोरबंद पत्र लिहून मन मोकळं करायचं, जवळजवळ पापनिवेदनच. सभासदांना प्राचीन नावं: वाइसहाउप्ट झाला स्पार्टाकस. गावांचीही नावं बदलली. म्युनिकचं झालं अथेन्स. पहिलं नाव पडलं आणि दुसरं जगभर गेलं यातून नाव ठेवणाऱ्याने शिकावं. पहिलं नाव तत्त्व सांगत होतं. दुसऱ्यात माणसाला काहीतरी मिळालेलं होतं.

ज्यांच्या मानेवर खरोखर फास होता त्यांनी नावं कशी ठेवली ते पाहिलं तर आणखी शिकायला मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्सकडे कार्बोनारी उदयाला आले. नावाचा अर्थ कोळसेवाले. शाखेला ते 'वेंदिता' म्हणत, म्हणजे विक्रीचं दुकान. एकमेकांना 'चांगले चुलतभाऊ' म्हणत. पण त्या कोळशाच्या धंद्याखाली संत थिओबाल्डचं आश्रयदातेपण होतं, दीक्षाविधी होते, ख्रिस्ताच्या यातनांची प्रतीकं होती. १८२०च्या नेपल्समधल्या उठावात ते पुढे होते आणि १८२१ साली पोपने त्यांच्यावर बंदी घातली. नाव साधं, आत धर्म ठासून भरलेला. आपल्याकडे १८९९ साली नाशिकला सावरकरांनी काढलेल्या मंडळीचं नाव 'मित्रमेळा' होतं. मित्र जमतात, एवढंच ते सांगतं. १९०४ साली त्याचं 'अभिनव भारत' झालं, तेव्हा नावाने ध्येय उघड केलं. कलकत्त्यात १९०२ साली निघालेली 'अनुशीलन समिती' बाहेरून व्यायामशाळेसारखी होती. धोका जितका खरा, तितकं बाहेरचं नाव मवाळ. कादंबरीतली संघटना जिवावर उदार असेल आणि तिचं दारावरचं नाव मात्र गर्जना करत असेल, तर चाणाक्ष वाचकाला ते खटकतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही आहे, आणि मला ते सगळ्यांत जास्त प्रिय आहे. १८६९ साली फिलाडेल्फियात कापड बेतणाऱ्या कामगारांनी युरायाह स्टीव्हन्सच्या पुढाकाराने एक गुप्त संघटना काढली. नाव ठेवलं 'श्रमाच्या वीरांची उदात्त आणि पवित्र ऑर्डर'. कात्री चालवणारी माणसं, संघटना केली तर कामावरून काढतील ही भीती, आणि नाव सरदारांचं नि साधूंचं! त्यात हास्यास्पद काहीच नाही. ज्याला जगाने मान दिला नाही त्याने तो नावातून स्वतःला दिला. पण हे नाव ते बाहेर उच्चारत नसत. जाहीर सूचनेत नावाच्या जागी फक्त पाच तारे छापत. पुढे चर्चला शपथा आणि विधी खटकू लागले, कॅथलिक कामगार अडचणीत आले, तेव्हा १८८२च्या सुमारास गुप्तता संपली, शपथ गेली आणि 'उदात्त आणि पवित्र' हे शब्दही गेले. 'श्रमाचे वीर' उरले. भपकेदार नाव कधी खरं वाटतं याचं उत्तर इथे आहे: ज्याच्याकडे दुसरं काही नाही तो ते धारण करतो, आणि कुजबुजत. तुमचे पहारेकरी गुराखी, वडार, खलाशी असतील तर 'पवित्र' शब्द त्यांना मी आनंदाने देईन. ते राजघराण्याचे असतील तर नाही.

नाव कोणी ठेवलं, हा प्रश्न हस्तलिखितांत जवळजवळ कधीच विचारलेला नसतो. खऱ्या इतिहासात अर्धी नावं शत्रूने ठेवलेली असतात. १०९० साली हसन-ए-सब्बाहने इराणमधला अलमूत किल्ला घेतला. त्याचे इस्माइली अनुयायी आपल्या कार्याला 'दावत' म्हणत, आणि जीव ओवाळून टाकणाऱ्याला 'फिदाई'. विरोधक त्यांना हिणवून 'हशीशी' म्हणत. १२५६ साली मंगोलांनी अलमूत पाडलं, पण ती शिवी युरोपच्या भाषांत जाऊन 'असॅसिन' असं मारेकऱ्याचं सामान्यनाम होऊन बसली. उलट काही जण शिवी पचवतात. १२१६ साली मान्यता मिळालेल्या प्रवचनकार साधूंना, डॉमिनिकनांना, लॅटिनमधल्या कोटीवरून 'देवाचे कुत्रे' म्हणत. त्यांनी ते अंगाला लावून घेतलं. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्लातल्या भित्तिचित्रात काळेपांढरे कुत्रे लांडग्यांवर तुटून पडताना दिसतात, आणि काळापांढरा हा त्यांच्या वेशाचा रंग.

मराठी लेखकाला यासाठी फार दूर जायला नको. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींपासून सुरू झालेल्या महानुभाव पंथाला गुजरातेत अच्युत पंथ म्हणत आणि पंजाबात जयकृष्णी. एकच परंपरा, पण प्रांताप्रांतात वेगळी हाक. शिवाय त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यामुळे ते शतकानुशतकं बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. पंथ जिता-जागता आहे, त्याला कथेत ओढू नये असं मला वाटतं. पण नाव उघड आणि अक्षर गुप्त ही रीत मनात ठेवावी अशी आहे. गुप्तता नावात असावीच लागते असं नाही.

आणखी एक गोष्ट, कारण तुमच्या नायिकेच्या शंकेला ती थेट लागू पडते. १४३० साली बर्गंडीच्या फिलिपने 'सोनेरी लोकरीची ऑर्डर' स्थापली. लोकर ग्रीक पुराणातली, जेसनने मिळवलेली. लवकरच कुणाच्या तरी लक्षात आलं की जेसनने तर बायकोला, मेडियाला, दिलेला शब्द मोडला होता. शब्दाला जागणाऱ्यांच्या मंडळाचा आदर्श शब्द मोडणारा? नाव बदललं नाही. लोकर बायबलमधल्या गिदोनची आहे, दवाने भिजलेली, देवाचा कौल देणारी, असं सांगायला सुरुवात झाली. चिन्ह तेच, कथा दुसरी. गुप्त संघटनेच्या नावामागे अशी एक दडपलेली आधीची कथा असली की शंकेला शिरायला वाट मिळते. तुमच्या नायिकेला एखाद्या जुन्या लेखात नावाचा पहिला अर्थ सापडू द्या. उलट दिशेनेही हे चालतं: १७३७च्या आसपास पॅरिसमध्ये रॅम्झी या स्कॉटिश लेखकाने फ्रीमेसनांचा वंश धर्मयुद्धातल्या सरदारांपर्यंत नेऊन जोडला, आणि गवंड्यांच्या नावाच्या मंडळात भराभर 'वीर' पदव्या उगवल्या. वंशावळ मागाहून शिवता येते, आणि ती शिवणाऱ्याचा हेतू हे कथानकच आहे.

आता मराठीचं. इंग्रजी 'ऑर्डर' या एका शब्दात साधूंचा संप्रदाय, सरदारांचं मंडळ आणि हुकूम असे तिन्ही अर्थ आहेत. आपल्याकडे असा एक शब्द नाही, आणि तो शोधायच्या नादात लेखक 'पवित्र', 'वीर', 'संघ' अशी तीन विशेषणं-नामं एकावर एक रचतात. तिथून डबिंगचा वास येतो. शब्द एक घ्या आणि बाकीचं वागण्यात दाखवा. 'संघ' मुळात बौद्ध भिक्षूंचा, पण आजच्या वाचकाच्या कानात त्याला राजकीय घुमारा आहे. 'मंडळ' म्हणताच वर्गणी आणि कार्यकारिणी डोळ्यांसमोर येते. 'पंथ' चांगला आहे, त्यात वाटही आहे आणि श्रद्धाही. फक्त त्यात शस्त्र नाही. 'आखाडा' मात्र मोलाचा शब्द. दशनामी नागा संन्याशांचे आखाडे म्हणजे शस्त्रधारी साधूंची पथकंच. संन्यास घेताना हे लोक स्वतःचं श्राद्ध स्वतः करतात आणि नवं नाव घेतात. अठराव्या शतकात अनुपगिरी गोसावी फौजेचा सेनानी म्हणून उत्तरेत गाजला, आणि गोसाव्यांचे मठ व्यापार आणि सावकारीही करत. व्रत, शस्त्र आणि पैसा यांचं टेम्पलरांसारखंच त्रिकूट आपल्या भूमीत होतं. स्वतःचं श्राद्ध घातलेला पहारेकरी 'वीर' या शब्दाशिवायही अंगावर काटा आणतो.

आणि 'पाईक'. या शब्दासाठी मी लेखकांशी भांडते. पायदळातला साधा शिपाई, पण तुकोबांच्या पाइकीच्या अभंगांत तोच धन्यासाठी जीव द्यायला तयार असलेला भक्त होतो. शिपाईपण आणि भक्ती, दोन्ही रंग एका शब्दात, शिवाय फुशारकी नाही: वीर स्वतःचा असतो, पाईक कुणाचा तरी असतो. 'कुणाचा?' हा प्रश्न नावातच उभा राहतो, आणि तुमच्या कादंबरीचा प्रश्न नेमका तोच आहे.

तेव्हा तुमचं नाव मी असं उलगडेन. 'रुधिरचंद्र' जाऊ द्या. खर्ड्यात रक्ताचाही संबंध नाही आणि चंद्राचाही. 'पवित्र' आणि 'वीर' ही विशेषणं बाहेरच्या एखाद्या भाबड्या पात्राच्या तोंडी द्या. तुमची माणसं करतात काय? जागतात. पाश्चात्त्य शूरवीर दीक्षेच्या आदल्या रात्री शस्त्रांपुढे रात्रभर जागत असे. आपल्याकडे देवासमोरचा जागर आहे. म्हणजे जागणं हे शौर्याचंही आणि धर्माचंही. फक्त इथे एक उलटापालट आहे: सगळे जागर देवाला जागं करायला असतात, यांचा जागर देव झोपलेला राहावा म्हणून. एवढ्या एका विरोधात तुमची अख्खी कादंबरी मावते. सभासद आपसांत संघटनेला नुसतं 'जागर' म्हणतील. 'जागल्या' हा शब्दही खुणावेल, पण तो गावगाड्यातल्या रात्रपहाऱ्याच्या कामाचा आहे आणि त्यामागे जातीने लादलेल्या चाकरीचा इतिहास आहे. घ्यायचा असेल तर तो इतिहास पेलून घ्या, निव्वळ नादासाठी नको.

स्थापनेच्या ताम्रपटावरचं नाव लांब असू दे: 'निद्रास्थानाचे व्रतस्थ पाईक'. शत्रूने ठेवलेलं नाव आखूड आणि बोचरं: 'देवकोंडे', देवाला कोंडणारे. किल्ल्याखालच्या वस्तीला यांतलं काहीच ठाऊक नसेल. त्यांच्या लेखी ती वर राहणारी 'दिवेवाली मंडळी', कारण रात्रभर वरती दिवा असतो. चार नावं झाली, आणि प्रत्येक नाव घेणारा कोण ते वाचकाला न सांगता कळतं. दीक्षेचा प्रसंग मग असा बोलता होईल:

'काय मागायला आलीस?'

'भाकरी, पाणी आणि जागर.'

'भाकरी शिळी असते. पाणी खालून स्वतः आणावं लागतं. जागर मरेपर्यंत संपत नाही. अजून मागतेस?'

'मागते.'

'पाईक कुणाची?'

इथे तिने तीनशे वर्षांचं ठरलेलं उत्तर द्यायचं आहे, 'निजलेल्याची.' पहिल्या भागात ती ते पटकन देते. तिसऱ्या भागात, वरिष्ठ म्हणून हाच प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारायची वेळ तिच्यावर येते तेव्हा, त्या उत्तराचा दुसरा अर्थ तिला लागलेला असतो: निजलेल्याचा पाईक म्हणजे त्या देवतेचाच सेवक. लोकरीची कथा जेसनकडून गिदोनकडे गेली, तसं मूळचं व्रत देवतेच्या सेवेचं होतं आणि मध्येच कुणीतरी त्याचं पहाऱ्यात रूपांतर केलं, असं तुम्हाला उघड करता येईल. त्यासाठी नावात एकही शब्द बदलावा लागणार नाही.

पदांची नावं ठेवताना हात आखडता घ्या. महागुरू, परममहागुरू, सर्वोच्च रक्षक अशी उतरंड मी पहिल्या वाचनातच खोडते. जागराला रात्रीचे प्रहर पुरेत: पहिल्या प्रहराची, दुसऱ्या प्रहराचा, आणि सगळ्यांत वडील तो चौथ्या प्रहराचा, कारण पहाटेची झोप सगळ्यांत जड. मोठेपणा पदवीतून न सांगता कामाच्या कठीणपणातून कळतो. शिक्षाही तिथूनच काढा. झोप लागलेल्याला काय करतात, हे ठरवल्याशिवाय पुढचं प्रकरण लिहू नका.

क्रमाचं शेवटचं. आज तुमचं पूर्ण नाव पहिल्या पानावर आहे आणि नंतर दर दोन पानांनी येतं. ते ताम्रपटाचं नाव अख्ख्या कादंबरीत दोनदाच येऊ द्या, एकदा दीक्षेत आणि एकदा नायिकेला लेख सापडतो तेव्हा. पहिल्या प्रकरणात वाचकाची गाठ 'देवकोंडे' या नावाशी पडू द्या, तेही त्यांचा द्वेष करणाऱ्याच्या तोंडून. मग दुसऱ्या प्रकरणात आपण ज्या मुलीच्या बाजूला उभे आहोत ती त्यांच्यातलीच आहे हे त्याला कळलं, की पुढची पानं तो स्वतःहून उलटेल.